डॉक्टर एडवर्ड जेन्नर व देवीची लस

आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील, त्यांनी एकदा त्यांच्या हातावरील वाटोळे, किंचित खोलगट वण निरखून पाहावेत. ते लहानपणी टोचलेल्या देवीच्या लसीचे होत. आजच्या मुलांच्या हातांवर ते आढळत नाहीत. कारण ज्या रोगापासून रक्षण व्हावे म्हणून ती लस टोचीत असत, तो रोगच या पृथ्वीवरून नाहीसा झाला आहे. मनुष्यास होणाऱ्या असंख्य रोगांपैकी समूळ नष्ट करणे साधले असा आजवरचा हा एकच रोग होय. या महत्कार्याचा पाया इंग्लंडातील एका खेडेगावच्या डॉक्टराने घातला. त्याचे चरित्र आम्ही या अंकात आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहो.

प्रथम त्या रोगाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. घरातील मुलाच्या अंगावर देवी आल्या असे समजताच आईबापांच्या काळजाचे पाणी होत असे. आरंभी सडकून ताप भरे, डोके व पाठ दुखे, आणि दोनतीन दिवसांनी तोंडावर, हातांवर व सर्वांगावर पुरळ उठून त्याचे पुवाने भरलेले टणक फोड होत. रोग झालेल्या दहा माणसांपैकी सुमारे तीन दगावत. वाचत त्यांच्या तोंडावर जन्माचे वण राहत आणि कित्येकांची दृष्टी कायमची जाई. अठराव्या शतकात एकट्या युरोपखंडात या रोगाने दरवर्षी सुमारे चार लक्ष माणसे मरत असत असा अंदाज आहे. राजवाडा आणि झोपडी हा भेद त्यास ठाऊक नव्हता. आपल्या देशात तर रोगाचे नावच देवीवरून पडले आणि शीतलामातेस शरण जाण्यापलीकडे लोकांस दुसरा उपाय दिसत नसे.

एडवर्ड जेन्नर याचा जन्म १७ मे १७४९ रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्क्ले या गावी झाला. त्याचे वडील रेव्हरंड स्टीफन जेन्नर हे तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. नऊ भावंडांत एडवर्ड आठवा. तो अवघा पाच वर्षांचा असताना, १७५४ साली, थोड्याच दिवसांच्या अंतराने त्याचे आईवडील दोघेही निवर्तले. या पोरक्या मुलाचा सांभाळ त्याच्या वडील भावंडांनी मायेने केला. बर्क्लेच्या आसपास हिरवी कुरणे, गाईगुरांचे गोठे आणि सेव्हर्न नदीचा काठ होता. नदीकाठी सापडणारे जुने दगड झालेले शंख-शिंपले आणि लहानसहान प्राण्यांची घरटी गोळा करणे हा या मुलाचा आवडता छंद होता. जे दिसेल ते जवळ जाऊन पाहावयाचे आणि त्याचे कारण शोधावयाचे, ही सवय त्यास येथेच लागली.

वयाच्या आठव्या वर्षी त्याच्यावर एक प्रसंग गुदरला. त्या काळी देवीपासून बचाव करण्याची एक रीत होती. ज्यास सौम्य देवी आल्या असतील त्याच्या फोडातील पू घेऊन तो निरोगी माणसाच्या कातडीत टोचावयाचा. म्हणजे त्यास हलक्या देवी येत आणि तो पुन्हा त्या रोगास बळी पडत नसे. ही रीत आशियाखंडात पूर्वीपासून चालत आलेली असून आपल्या बंगालकडेही टीकादार लोक ती चालवीत. इंग्लंडात १७२१ साली लेडी मेरी वर्टली माँटेग्यू या बाईंनी, तुर्कस्तानात पाहिल्यावरून, तिचा प्रसार केला. परंतु टोचलेल्या शंभरांपैकी एकदोघे मरतच, आणि टोचलेल्या माणसापासून इतरांस खऱ्या देवींचा संसर्ग होई, हा मोठाच धोका होता. एडवर्डास टोचण्यापूर्वी कित्येक आठवडे त्याचे रक्त काढण्यात आले, रेच देण्यात आले व त्यास अर्धपोटी ठेवण्यात आले. आणि टोचल्यावर रोग उतरेपर्यंत इतर मुलांबरोबर एका तबेल्यात डांबण्यात आले. मुलगा वाचला, परंतु त्या हालांची आठवण त्यास जन्मभर पुरली. पुढे ज्याने जगातील मुलांची या हालांतून सुटका केली, त्याने ते स्वतः सोसले होते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास एडवर्ड हा चिपिंग सॉडबरी येथील एका शस्त्रवैद्याजवळ उमेदवारीस राहिला. सात वर्षे तेथे काम शिकून १७७० साली तो लंडनास गेला आणि सेंट जॉर्ज इस्पितळातील सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर यांचा शिष्य झाला. हंटर यांचा शिष्यांस एकच धडा असे, तो म्हणजे नुसते तर्क लढवीत बसण्यापेक्षा प्रयोग करून पाहावा. मात्र तो धीराने व बिनचूक करावा. या गुरूशिष्यांचा स्नेह हंटर यांच्या मृत्यूपर्यंत टिकला. कॅप्टन कुक यांच्या पहिल्या सफरीत गोळा झालेले नमुने लावण्याचे काम हंटर यांच्या शिफारशीने जेन्नराकडे आले आणि ते त्याने इतके चांगले केले, की कुकसाहेबांच्या दुसऱ्या सफरीबरोबर जाण्याविषयी त्यास विचारण्यात आले. असे भाग्य चालून आले असता कोणता तरुण नाही म्हणेल? जेन्नराने नाही म्हटले. आपल्या गावी परतून तेथील लोकांची सेवा करावी हेच त्याच्या मनाने घेतले होते.

बर्क्लेस परतल्यावर डॉक्टर जेन्नर घोड्यावर बसून खेड्यापाड्यांतून रोगी पाहत हिंडू लागले. ते बासरी व सारंगीसारखे व्हायोलिन वाजवीत, कविता करीत आणि रिकामा वेळ सृष्टिनिरीक्षणात घालवीत. आपल्याकडे कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसा इंग्लंडात कुक्कू नावाचा तिच्याच कुळातील पक्षी दुसऱ्या लहान पाखरांच्या घरट्यांत अंडी घालतो. त्या घरट्यातील मूळची पिले कोण बाहेर टाकते, हे कोणास ठाऊक नव्हते. जेन्नर यांनी वारंवार निरीक्षण करून दाखविले की, नुकतेच जन्मलेले आंधळे कुक्कूचे पिलूच आपल्या पाठीवरील खळग्यात दुसरी अंडी व पिले घेऊन ती घरट्याच्या काठावरून ढकलून देते. पुष्कळांस हे खरे वाटले नाही. परंतु विसाव्या शतकात छायाचित्रांनी जेन्नर यांचेच म्हणणे खरे ठरविले. हा निबंध १७८८ साली प्रसिद्ध झाला आणि १७८९ साली रॉयल सोसायटीने त्यांस आपले सभासद करून घेतले. १७८८ सालीच कॅथरिन किंग्सकोट या सुशील स्त्रीशी त्यांचा विवाह झाला.

आता आपण मुख्य गोष्टीकडे वळू. ग्लॉस्टरशायर हा गवळ्यांचा मुलूख. तेथील गाईंच्या आचळांवर कधी कधी फोड येत आणि दूध काढणाऱ्या गवळणींच्या हातांसही त्यांचा संसर्ग होई. हातावर चारदोन फोड, थोडा ताप, काखेत अवघडलेपण, आणि आठपंधरा दिवसांत सर्व काही बरे. यास गाईच्या देवी म्हणत. ज्यास गाईच्या देवी येऊन गेल्या त्यास खऱ्या देवी येत नाहीत, अशी त्या भागातील शेतकऱ्यांत पूर्वापार समजूत होती. शिकलेले लोक ती खेडवळांची कल्पना म्हणून सोडून देत. परंतु जेन्नर यांस एक गोष्ट वरचेवर दिसे. देवी टोचण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे गोठ्यांत काम करणाऱ्या काही लोकांस टोचले असता त्यांस मुळीच देवी येत नसत, आणि विचारपूस करता त्यांस पूर्वी गाईच्या देवी येऊन गेल्या असल्याचे कळे.

या समजुतीवर विसंबून काही करून पाहणारे जेन्नर हे पहिलेच नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. १७७४ साली डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने साथीच्या भीतीने आपल्या बायकोस व दोन मुलांस गाईच्या देवी टोचल्या होत्या आणि ती तिघेही बचावली. परंतु जेस्टीने तेवढ्यावरच थांबून संसाराकडे लक्ष दिले. जेन्नर यांचे श्रेष्ठत्व असे की, त्यांनी ती समजूत खरी मानलीही नाही आणि खोटीही म्हटली नाही, ती तपासली. गाईच्या देवी येऊनही पुढे खऱ्या देवी आलेली काही माणसे त्यांस आढळली, तेव्हा इतर डॉक्टरांनी तो विषयच टाकून दिला. जेन्नर यांनी मात्र वर्षानुवर्षे गोठे धुंडाळून असे ठरविले की, गाईच्या आचळांवर येणारे सगळेच फोड एका जातीचे नसतात. त्यांतील एकाच जातीने संरक्षण मिळते, आणि तेही योग्य वेळी लस घेतली तरच.

१७९६ सालच्या मे महिन्यात बर्क्लेतील सेरा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावर गाईच्या देवींचे फोड आले. ज्या गाईपासून ते आले तिचे नाव ब्लॉसम होते. १४ मे रोजी जेन्नर यांनी सेराच्या हातावरील फोडातील लस घेतली आणि आपल्याकडे काम करणाऱ्या एका मजुराचा मुलगा जेम्स फिप्स याच्या दंडावर दोन बारीक छेद करून त्यांत ती टोचली. जेम्स आठ वर्षांचा होता. जेन्नर स्वतः ज्या वयात तबेल्यात कोंडले गेले होते, नेमके तेच हे वय! सातव्या दिवशी मुलाची काख दुखू लागली. नवव्या दिवशी त्यास थोडी हुडहुडी भरली, भूक मंदावली, डोके दुखले. दहाव्या दिवशी तो पूर्ववत खेळू लागला.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. १ जुलै रोजी जेन्नर यांनी एका रोग्याच्या अंगावरील ताजी, खऱ्या देवींची लस घेऊन ती त्याच जेम्सच्या दंडात टोचली. तर्क चुकला असता तर? एका गरीब मजुराच्या लेकरावर हा प्रयोग करण्याचा डॉक्टरास काय अधिकार होता? हा प्रश्न आमच्या पालकवाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही, आणि तो यावा हेच योग्य आहे. आजच्या काळी असा प्रयोग कोणासही करू दिला जाणार नाही. आजची लस माणसांस देण्यापूर्वी अनेक पायऱ्यांनी पारखली जाते आणि ज्यांवर ती पारखावयाची त्यांची किंवा त्यांच्या पालकांची संमती घ्यावी लागते. मात्र इतके लक्षात ठेवावे, की खऱ्या देवी टोचणे ही त्या काळची सर्रास रूढी होती आणि १ जुलै रोजी जेम्सला जे टोचले ते त्या गावातील कित्येक मुलांस एरवीही टोचले जातच असे. पुढचे दिवस त्या घरी व डॉक्टरांच्या घरी कसे गेले असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. जेम्सला देवी आल्या नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा टोचून पाहिले, तरीही आल्या नाहीत.

१४ मे व १ जुलै या दोन दिवसांच्या दरम्यान त्या मुलाच्या शरीरात काय घडले? जेन्नर यांस ते सांगता येणे शक्य नव्हते. ज्या अतिसूक्ष्म जीवांस आपण विषाणू म्हणतो, त्यांचे अस्तित्व शास्त्रज्ञांच्या ध्यानात येण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लोटावी लागली. आज आपणांस ते बरेचसे समजले आहे, म्हणून आमच्या विद्यार्थ्यांसाठी ते येथे थोडक्यात देतो.

विषाणू हा इतका लहान असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकातून तो नीट पाहता येत नाही. त्यास एकट्याने वाढता येत नाही. तो शरीराच्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीलाच राबवून आपल्यासारखे हजारो विषाणू तयार करवून घेतो. देवीचा विषाणू श्वासाबरोबर आत गेल्यावर सुमारे बारा दिवस शरीरात गुपचूप वाढत राहतो. शरीराजवळ सैन्य आहे. परंतु हा शत्रू पूर्वी कधी पाहिलेला नसल्यामुळे त्याला ओळखून, त्याच्याशी लढण्याजोगे नेमके शिपाई निवडून त्यांची संख्या वाढविण्यास वेळ लागतो. तितक्या अवधीत शत्रूने मुलूख काबीज केलेला असतो. दहांपैकी तिघांच्या शरीरांनी ही शर्यत हरावी, यात मग नवल ते काय!

गाईच्या देवींचा विषाणू हा खऱ्या देवीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद, परंतु माणसाच्या शरीरात फारसा जोर न करणारा. जेम्सच्या दंडात तो शिरला तेव्हा कातडीतील पहारेकरी पेशींनी त्याचे तुकडे उचलले आणि काखेतील गाठींत नेऊन पोहोचविले. या गाठी म्हणजे सैन्याच्या छावण्याच होत. तेथे असंख्य पांढऱ्या पेशी असतात आणि प्रत्येकीस एखादाच विशिष्ट आकार ओळखता येतो. ज्यांस हा आकार ओळखता आला त्या पेशी झपाट्याने वाढू लागल्या, गाठी सुजल्या. आणि म्हणूनच सातव्या दिवशी जेम्सची काख दुखली. त्या पेशींपैकी काहींनी प्रतिपिंडे नावाचे पदार्थ रक्तात सोडले. ही प्रतिपिंडे विषाणूस चिकटून त्यास नव्या पेशीत शिरू देत नाहीत. दुसऱ्या काही पेशींनी, ज्यांत विषाणू आधीच शिरला होता, अशा पेशी शोधून नष्ट केल्या. लढाई संपल्यावर बहुतेक शिपाई नाहीसे झाले, परंतु काही मागे राहिले. त्यांस स्मृतिपेशी म्हणतात. शत्रूचा चेहरा लक्षात ठेवणे एवढेच त्यांचे काम. १ जुलै रोजी खऱ्या देवीचा विषाणू दंडात शिरला तेव्हा त्याचा चेहरा त्याच्या भाऊबंदाशी इतका मिळताजुळता होता, की जुन्या शिपायांनी त्यास तत्काळ ओळखले. त्यास हातपाय पसरावयास वेळच मिळाला नाही. लस म्हणजे रोगावरील औषध नव्हे. शत्रू येण्यापूर्वी सैन्यास दिलेली ती कवाईत होय.

जेन्नर यांनी हा वृत्तांत लिहून १७९७ साली रॉयल सोसायटीकडे धाडला. सोसायटीने तो छापण्यास नकार दिला. एका मुलावरील प्रयोगाने एवढी मोठी गोष्ट सिद्ध होत नाही, आणखी पुरावा पाहिजे, असे तेथील मंडळींस वाटले. जेन्नर निराश झाले असतील, परंतु रुसले नाहीत. मध्यंतरी गोठ्यांतून गाईच्या देवी नाहीशा झाल्यामुळे १७९८ च्या वसंत ऋतूपर्यंत त्यांस वाट पाहावी लागली. मग त्यांनी आणखी मुलांस लस टोचली, आणि एका मुलाच्या दंडावरील लस दुसऱ्यास, दुसऱ्याची तिसऱ्यास अशी साखळी चालवून दाखविली. प्रत्येक वेळी गाय शोधण्याची गरज उरली नाही, हा शोधही मूळ शोधाइतकाच महत्त्वाचा होता. त्याच वर्षी त्यांनी तेवीस उदाहरणांसह आपले पुस्तक स्वतः प्रसिद्ध केले. गाईस लॅटिन भाषेत वाक्का म्हणतात. त्यावरूनच लस टोचण्याच्या क्रियेस व्हॅक्सिनेशन हे नाव पडले.

नव्या गोष्टीस विरोध व्हावयाचाच. जेन्नर लंडनास गेले तेव्हा कित्येक आठवडे त्यांच्याकडून टोचून घेण्यास एकही मनुष्य पुढे आला नाही. जनावराची लस माणसाच्या अंगात घालणे ओंगळ आहे, असे कोणी म्हणत. ईश्वराने पाठविलेला रोग टाळणे पाप आहे, असेही कोणी म्हणत. १८०२ साली जेम्स गिल्रे या चित्रकाराने लस टोचलेल्या माणसांच्या अंगांतून लहान लहान गाई फुटत आहेत असे व्यंगचित्र काढले आणि सारे लंडन हसले. परंतु धर्मोपदेशकांपैकी सर्वच विरोधी नव्हते. रेव्हरंड रोलंड हिल यांच्यासारख्या सुप्रसिद्ध उपदेशकाने आपल्या चर्चच्या मंडळीतील लोकांस व गोरगरिबांस हजारोंनी लस टोचली. ज्या परमेश्वराने रोग्यांविषयी कळवळा बाळगण्यास शिकविले, त्याची इच्छा मुलांनी मरावे अशी खचित नसेल, हे अशा सत्पुरुषांनी ओळखले होते.

काही अडचणी मात्र खऱ्या होत्या, आणि त्या लपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. लंडनातील देवीच्या इस्पितळात टोचताना लशीत खऱ्या देवींची लस मिसळल्यामुळे काही लोक आजारी पडले आणि दोष मात्र जेन्नर यांच्या माथी आला. एकाच्या दंडावरून दुसऱ्यास टोचताना कधी दुसरे रोगही पसरत. म्हणून पुढे जनावरांच्या कातडीवर स्वच्छतेने लस तयार करण्याची पद्धत रूढ झाली. जेन्नर यांची स्वतःचीही एक समजूत चुकीची होती. एकदा लस टोचली की जन्माची निश्चिंती झाली, असे ते मानीत. वास्तविक काही वर्षांनी स्मृतिपेशींचा जोर ओसरतो आणि पुन्हा टोचणे आवश्यक होते. थोर मनुष्याची चूक दुरुस्त करून त्याचे कार्य पुढे नेणे, हाच त्याचा खरा आदर होय.

विरोध असूनही सत्य थोड्याच वर्षांत जगभर पसरले. स्पेनच्या राजाने १८०३ साली डॉक्टर बाल्मिस यांच्या हाताखाली एक जहाज अमेरिकेस धाडले. त्यावर बावीस अनाथ मुले होती. वाटेत एकाच्या दंडावरून दुसऱ्यास टोचीत त्यांनी ती लस महासागरापलीकडे जिवंत नेली. आपल्या मुंबईचा मान तर याच्याही आधीचा आहे. उन्हामुळे वाटेत लस वाया जाई, म्हणून हिंदुस्थानात ती पोहोचविण्याचे आरंभीचे प्रयत्न फसले. अखेर व्हिएन्नाचे डॉक्टर द कारो यांच्या खटपटीने कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा या मार्गाने ती मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. हिंदुस्थानात ज्यांस ही लस यशस्वी रीतीने टोचली गेली, त्यांतील पहिली ती ही बालिका. तिच्या चिमुकल्या दंडावरून मुंबईतील आणखी पाच जणांस, आणि तेथून पुढे देशभर ती लस गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून जाताना आमच्या विद्यार्थ्यांनी या मुलीची आठवण करावी.

जेन्नर यांनी हा शोध गुप्त ठेवला असता तर ते अपार धन मिळवू शकले असते. त्यांनी तो सर्वांस मोकळा केला. आलेल्या पत्रांस उत्तरे लिहिणे, लस काचेच्या तुकड्यांत व दोऱ्यांवर बांधून देशोदेशी पाठविणे, यातच त्यांचा दिवस जाई आणि व्यवसाय बुडू लागला. तेव्हा ब्रिटिश पार्लमेंटने १८०२ साली दहा हजार व १८०७ साली वीस हजार पौंड त्यांस बहाल केले. नेपोलियन हा इंग्लंडचा कट्टर शत्रू. परंतु त्यानेही आपल्या सैन्यास लस टोचविली आणि जेन्नर यांच्या शब्दाखातर काही इंग्रज कैद्यांस मुक्त केले. बर्क्लेच्या घरामागील बागेत एक साधी गवताने शाकारलेली खोप होती. तीत बसून ते गोरगरिबांच्या मुलांस फुकट लस टोचीत. जगाने दिलेल्या मानापेक्षा या खोपीचा त्यांस अधिक अभिमान होता. जेम्स फिप्सलाही ते विसरले नाहीत. तो मोठा होऊन संसारी झाला तेव्हा त्यांनी त्यास बागेसह एक घर बिनभाड्याने राहावयास दिले.

त्यांच्या उत्तरायुष्यात दुःखही कमी नव्हते. ज्याने लाखो मुले वाचविली त्याचा थोरला मुलगा एडवर्ड १८१० साली क्षयाने वारला, आणि १८१५ साली त्याच रोगाने त्यांच्या पत्नीचे निधन झाले. क्षयावर त्या काळी उपाय नव्हता. त्यानंतर ते लंडनाकडे फारसे फिरकले नाहीत. बर्क्लेतच रोगी पाहत व पाखरांचे निरीक्षण करीत राहिले. पक्षी ऋतूप्रमाणे देशांतर का करतात, यावरील त्यांचा निबंध त्यांच्या मरणानंतर प्रसिद्ध झाला. २६ जानेवारी १८२३ रोजी अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. ज्या चर्चमध्ये वडिलांनी उपदेश केला, तेथेच आईवडील, पत्नी व पुत्र यांच्या शेजारी त्यांचा देह विसावला आहे. त्यांच्या प्रेतयात्रेस जेम्स फिप्स हजर होता.

जेन्नर यांचे कार्य मात्र चालूच राहिले. एके दिवशी हा रोग जगातून नाहीसा होईल, अशी आशा त्यांनी १८०१ सालीच व्यक्त केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ साली त्यासाठी जोराची मोहीम हाती घेतली. १९७४ साली भारतात देवीची भयंकर साथ आली. परंतु हजारो आरोग्यसेवकांनी घरोघर हिंडून रोगी शोधले, त्यांच्या आसपासच्या सर्वांस लस टोचली आणि मे १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी आढळला नाही. निसर्गतः देवी आलेला जगातील शेवटचा रोगी १९७७ साली सोमालिया देशात आढळला आणि तो बरा झाला. ८ मे १९८० रोजी जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. फ्रान्सचे लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या गौरवार्थ व्हॅक्सिनेशन हा शब्द सर्वच प्रतिबंधक टोचण्यांस लावावा असे १८८१ साली सुचविले होते. त्याप्रमाणे आज पोलिओ, गोवर, धनुर्वात, घटसर्प इत्यादी अनेक रोगांवरील लशी त्याच कुळातील गणल्या जातात. पोलिओच्या मूळ नैसर्गिक विषाणूचा भारतातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला.

येथे पालकांस आमची एक विनंती आहे. रोग दिसेनासा झाला, की त्याचे भय जाते आणि लशीची गरजच काय असे वाटू लागते. परंतु देवी आपोआप गेल्या नाहीत. पिढ्यान् पिढ्या आईबापांनी रडणाऱ्या मुलांस मांडीवर घेऊन त्यांचे दंड पुढे केले, म्हणून त्या गेल्या. गोवरासारखे रोग अद्याप दाराशी उभे आहेत आणि टोचण्यात खंड पडला, की ते आत शिरतात. शंका आल्यास ती डॉक्टरांस अवश्य विचारावी. परंतु शंकेपायी मुलाची टोचणी राहू देऊ नये.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस इतकेच सांगावयाचे, की जेन्नर यांजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती, की द्रव्य नव्हते. गवळणींची एक जुनी समजूत त्यांच्या कानी आली. ती हजारोंच्या कानी आली होती. इतरांनी ती ऐकून मान हलविली किंवा हसून सोडून दिली. त्यांनी ती वीसपंचवीस वर्षे मनात बाळगून, पुरावा गोळा करून, अखेर कसोटीस लावली. तुमच्या खेड्यात, तुमच्या शेतात, तुमच्या आजीच्या बोलण्यातही अशा किती गोष्टी असतील! त्या खऱ्या की खोट्या हे आधीच ठरवून मोकळे होऊ नका. जवळ जा, पाहा, मोजा, लिहून ठेवा, आणि खरे काय ते शोधून काढा. ते सापडले, तर जेन्नर यांनी वाटले तसे सर्वांस वाटून द्या.